आधी पांढरी जाळी

कल्पना करा, मुलांनो — डोळे मिटलेत तरी चालेल — की एका वाटोळ्या खळग्यात, बाटलीच्या झाकणात मावेल एवढ्याशा पाण्यात, एक पापुद्रा तरंगतो आहे. कांद्याच्या आतल्या सालीसारखा, तितकाच ओला, तितकाच आरपार... आणि आकार एखादा अक्रोड मधोमध कापावा तसा, दोन्ही बाजू सारख्या, मध्ये एक बारीक भेग. त्याला चिमट्याने धरायचं नाही, फाटेल. चित्रं रंगवायचा सगळ्यांत बारीक ब्रश घ्यायचा, त्याचे केस पापुद्र्याखाली हळूच सरकवायचे आणि श्वास रोखून उचलायचं. उचललात? थरथरला का हात? मग तुम्ही आत्याच्या अगदी शेजारी उभे आहात असं समजा, कारण आज तिचाही थरथरला.

पापुद्रा उंदराच्या मेंदूचा होता. मेंदू आधी गोठवायचा, मग पाव कापावा तसे यंत्राच्या पात्याने त्याचे काप करत जायचं आणि एकेक काप असा पाण्यात सोडून द्यायचा... हे ती इतकी वर्षं करत आली होती की आता ते काम हाताकडे गेलं होतं, डोक्याकडे राहिलं नव्हतं. डोकं मोकळं असायचं, भटकत असायचं — गॅस बंद केला का मी? केला, वहिनीने केला. — गुडघा आज जिन्यातच कुरकुरला, लिफ्ट कधी दुरुस्त करणार आहेत कोण जाणे — आणि डोळे मिटले तरी तपकिरी ठिपके दिसायचे, ते तर आता घरच्या माणसांसारखे झाले होते, आले काय नि गेले काय. काप जाळीच्या बुडाच्या चिमुकल्या टोपलीत — सगळे तिला जाळीच म्हणत — उतरला, सुरकुतला आणि पाण्यात आपणच उलगडला. हात थरथरला तो वयाने नव्हे, असं तिचं म्हणणं. शेवटच्या दोन टोपल्यांतले काप पांढऱ्या उंदरांचे होते, म्हणून.

उंदीर तसे काळेच. पांढरे त्यांना फक्त या प्रयोगशाळेत म्हणत, कारण त्यांचे काप रंगात बुडवले तरी पांढरे राहायचे. राहायला हवे होते.

"आत्या, मी रेषेच्या आत आलेय का?"

"पाय कुठे आहेत तुझे?"

"रेषेवर."

"मग आत आलीस. मागे हो."

मागून, जमिनीवर आखलेल्या रेषेपलीकडून, स्टूल सरकल्याचा करकर आवाज आला. स्टुलावर तिची भाची होती. नाव चांगलं मोठं नि गोड ठेवलेलं होतं, पण चालायला लागल्यापासून ती कधी एका जागी उभी राहिली नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. आज शाळेच्या पाण्याच्या टाकीत काहीतरी पडलं म्हणून मुलांना सुट्टी दिली होती. "काय पडलं ते सांगत नाहीयेत," भिंगरीने सकाळी दूध पिताना समाधानाने जाहीर केलं होतं, "म्हणजे नक्की घाण असणार." आणि भाऊ बूट घालता घालता, तिच्याकडे न बघताच म्हणाला होता, "ताई, आज हिला नेशील ना तुझ्याकडे? आमची दोघांचीही दांडी नाही चालायची." नेशील ना... ती या घरात राहत होती, जेवत होती, तिला स्वतःची खोली होती, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणावंसं वाटलंही नव्हतं. इमारतीतली सगळी पोरं तिच्या दाराशी यायची. मुंगीचा पाय भिंगातून दाखव, मिठाचा खडा दाखव, माझा पडलेला दात दाखव. आधी बघायचं, मग बोलायचं, असं ती त्यांना सांगायची. आणि जे दिसलं तेच बोलायचं. — फक्त आजच्या दिवशी नको होतं. आज पांढऱ्यांचा शेवटचा रंग होता.

"उंदीर कुठाय पण याचा?"

"उंदीर आता नाही, बाळा."

"मेला?"

"आम्ही मारला. आधी झोपवलं. त्याला कळलं नाही."

"तुला कसं माहीत, त्याला कळलं नाही ते?"

आत्याने दुसरा काप उचलला. या प्रश्नाचं उत्तर तिच्या खात्यात कुणी आजवर मागितलं नव्हतं.

येताना रस्त्यात तिने भिंगरीला सगळं समजावलं होतं. मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटून नसतात, मध्ये एक फट असते. एकीने निरोप द्यायचा तर फटीत डोपामिनचे कण फेकायचे, पलीकडचीने ते झेलायचे. ऊठ, चल, मजा आली, पुन्हा कर — असले निरोप. "आणि झेलून झाल्यावर?" भिंगरीने फुटपाथच्या कडेवरून तोल सांभाळत विचारलं होतं. अचूक तिथेच विचारलं, म्हणून आत्याला आनंद झाला होता... शिकवणाऱ्याला एवढ्याशा गोष्टीचा किती आनंद होतो. "झेलून झाल्यावर उरलेले कण फटीतच पडून राहिले तर निरोप संपणारच नाही. म्हणून फेकणारीच्याच दारात वेचणारे बसलेले असतात. कण उचलायचे, आत न्यायचे, पुन्हा वापरायला ठेवायचे. त्यांना आम्ही वाहक प्रथिनं म्हणतो."

"म्हणजे आईसारखे."

"आईसारखे कसे?"

"खेळ संपला की पसारा उचलणारे. फक्त हे ओरडत नाहीत."

आत्या हसली होती, चालता चालता गुडघ्याचं दुखणं विसरून. "आणि वेचणारे नसलेच तर?" — "तर तो उंदीर पळतच राहतो. पिंजऱ्यात गोल गोल. वाळून जातो, पण थांबत नाही." — "माझ्यासारखा," भिंगरी खूश होऊन म्हणाली होती.

असे उंदीर असतात, जन्मापासून वेचणारे नसलेले. एका दूरच्या प्रयोगशाळेने मोठ्या मिनतवारीने पाठवलेले. तेच हे पांढरे.

वेचणारे मेंदूत कुठे कुठे बसलेले असतात त्याचा नकाशा करायचा, हे आत्याचं काम. ठळक जागा तर सगळ्यांनाच ठाऊक होत्या. मेंदूच्या पुढच्या भागात, आत, स्ट्रायटम नावाचा मोठा गोळा आहे, तिथे त्यांची इतकी दाटी की रंग चढला म्हणजे कोऱ्या कॉफीसारखा काळपट दिसतो. तिथे शोधायला हुशारी लागत नाही. हुशारी लागते कडेच्या, फिक्या, कुणी फारसं न बघितलेल्या जागांना. आणि तशी एक जागा आत्याला सापडली होती. खोलवर, थॅलॅमसमध्ये, जिथे मेंदूची डावी नि उजवी बाजू एकमेकींना टेकतात तिथे, अगदी मधल्या रेषेवर, बारीक ठिपक्यांचा एक पुंजका. ती त्याला तीळ म्हणायची. आधीच्या कुठल्याच नकाशात तो नव्हता. पहिल्यांदा दिसला तेव्हा तिने काच पुसली. मग चष्मा पुसला. मग दुसरा उंदीर, तिसरा... तीळ होता. दर वेळी होता. परिषदांमध्ये लोक भुवया उंचावून विचारत, मॅडम, तुमचं प्रतिपिंड दुसऱ्याच कशाला चिकटत नसेल ना? — कारण रंग काही आपणहून वेचणाऱ्यांना ओळखत नाही, त्यांना ओळखून चिकटणारं प्रतिपिंड आधी सोडावं लागतं, रंग त्याच्या पाठोपाठ जातो. आणि प्रतिपिंडही माणसासारखंच, कधी कधी भलत्यालाच ओळखीचा समजून मिठी मारतं. त्यावर उपाय एकच. ज्याच्यात वेचणारे मुळीच नाहीत त्या उंदराचा काप घ्या, तोच रंग द्या. तिथे तीळ दिसला नाही, तर तीळ खरा.

नव्हताच दिसला. दर वेळी पांढरा, दर वेळी स्वच्छ. आजचं रंगवणं म्हणजे नुसती छपाईसाठी चांगली चित्रं मिळावीत म्हणून. शुक्रवारी नकाशा छापायला जायचा होता, पाचसहा देशांतल्या माणसांनी मिळून केलेला जाडजूड ग्रंथ, आणि त्यात एका पानावर मधल्या रेषेवर तिचा तीळ. वर्षअखेर ती निवृत्त होणार होती. मागे काय राहणार? घर भावाचं. विद्यार्थी ज्याचे त्याचे. तो तीळ तेवढा माझा.

"आत्या, मला कंटाळा आला."

"आत्ताच?"

"मघाशीच आला होता. मी सांगितलं नाही."

टेबलावर एक टोमॅटोच्या आकाराचं, पीळ देऊन लावायचं घड्याळ होतं, स्वयंपाकघरात असतं तसलं. ते तरुण मुलांनी आणलेलं. ती घड्याळ लावून रंगवत; आत्या नजरेने रंगवायची. तपकिरी कुठवर चढू द्यायचा आणि कुठल्या क्षणी टोपली उचलून पाण्यात टाकायची, हे तिच्या नजरेला कळायचं, आणि बाहेरगावची माणसंसुद्धा ते बघायला यायची. तिने टोमॅटोला पीळ दिला आणि तो भिंगरीच्या ओंजळीत ठेवला.

"हे वाजलं की मला सांगायचं. वाजायच्या आधी कुणीही काहीही उचलायचं नाही. मीसुद्धा नाही. तू इन्स्पेक्टर."

मुलांना मोठेपण दिलं की ती जागची हलत नाहीत, एवढाच त्यात हेतू होता. भिंगरी ताठ बसली. टोमॅटो टिकटिकायला लागला.

रंगाचं पाणी विषारी, म्हणून ते काचेच्या कपाटात, पंखा लावून, दुहेरी हातमोजे घालून. आत्याने टोपल्या ओळीने पाण्यात उतरवल्या. आणि मग ते... कितीही वेळा बघितलं तरी जे बघायला तिचा शिणलेला जीव जरासा उठून बसायचा ते... आधी काहीच नाही. मग स्ट्रायटमच्या जागी जुन्या कागदासारखी पिवळसर झाक. मग दुधात चहा पडावा तशी लाट, बघता बघता गडद, कडा धारदार. मग मागच्या बाजूची एक काळपट पट्टी, तिथेही वेचणाऱ्यांची दाटी. सगळे ठळक मानकरी असे आधी येऊन बसतात. तीळ शेवटी येतो. लाजऱ्यासारखा, सगळं झाल्यावर, आता उचलावं की नाही असं वाटत असतानाच... आला. आला बघ. मधल्या रेषेवर, खसखशीच्या दाण्यांसारखा.

तिचा हात शेवटच्या दोन टोपल्यांकडे गेला.

"आत्या! अजून नाही वाजलं."

"माहीत आहे, बाळा, पण ही..."

ही काय? ही आधी उचलायची असते. का? — आधी पांढरी जाळी, मग तपकिरी. बाई सांगायच्या. तिच्या बाई, ज्यांच्या हाताखाली ती ब्रश धरायला शिकली. पांढऱ्यावर तपकिरी थेंब पडला तर सगळं फुकट, म्हणून आधी पांढरी उचलून बाजूला ठेवायची. बाईंनी तिला सांगितलं, तिने तिच्या मुलांना सांगितलं, घरात शिरताना चपला काढाव्यात तितक्या सहज सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. पांढऱ्यात बघायचं तरी काय असतं? तिथे काही येत नाही. थांबायचं कशाला?

"तू म्हणालीस, मीसुद्धा नाही."

म्हणाली होती खरी. खेळ होता, आणि पोरांशी खेळताना लबाडी करायची नाही हा तिचा जुना बाणा. हात टोपलीच्या कडेवर तसाच थांबला. थोडा वेळ. नाकावर सुरसुरलं, खाजवता येईना. पंख्याचा घुमघुमाट. मागे टिकटिक. आणि तिच्या अंगठ्याखालच्या टोपलीत, पांढऱ्या कापात, मधल्या रेषेवर, आरशावर कुणी लांबून उच्छ्वास सोडावा तसं काहीतरी उमटलं.

नाही.

सावली असेल. माझ्याच बोटाची. तिने बोट बाजूला केलं. खसखशीचे दाणे. एक, मग शेजारी... थांबा ना. थांबा.

"वाजलं!" भिंगरी ओरडली, आणि टोमॅटो तिच्या हातात थडथडायला लागला.

सूक्ष्मदर्शकाखाली ती बराच वेळ बघत राहिली. जास्त वेळ रंगात राहिल्याने आलं असतं तर सगळा काप मळकट व्हायला हवा होता. तसं नव्हतं. स्ट्रायटमची जागा कोऱ्या कागदासारखी पांढरी, मागची पट्टी पांढरी. एवढ्या स्वच्छ पटांगणात मधोमध फक्त तीळ. त्याच जागी, त्याच आकाराचा, ज्या उंदराच्या अख्ख्या मेंदूत वेचणारा एकही नव्हता त्या उंदराच्या मेंदूत. म्हणजे प्रतिपिंड कुठल्या तरी भलत्यालाच मिठी मारत होतं. आणि पांढऱ्यात तो इतकी वर्षं दिसला नाही, कारण तो उशिरा येतो, आणि तो यायच्या आत माझा हात... दर वेळी माझा हात...

तिला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. तिला फक्त खूप दमल्यासारखं वाटलं; जिना चढून वर आल्यावर कळावं की मजला चुकला, तसं. आणि त्या दमण्याच्या तळाशी एक विचार, अगदी गोगलगायीच्या चालीने: हे अजून कुणीच बघितलेलं नाही.

दार उघडलं. "मॅडम, झाली का आमची पांढरी?"

हे विभागप्रमुख. कधी काळी तिचेच विद्यार्थी. तेव्हा सतत घाईत असायचे म्हणून तिने त्यांचं नाव लगबग्या ठेवलं होतं, आणि मनात अजून तेच नाव होतं. चारचौघांत ती आता त्यांना सर म्हणायची. ते मात्र पूर्वीसारखंच मॅडम म्हणत, आणि तिच्या खुर्चीत ती उठेपर्यंत बसत नसत. तिने उठून जागा दिली. ते वाकले, भिंग फिरवलं, मग उलटं फिरवलं.

"अरेच्चा."

ती खुर्चीमागे उभी राहिली.

"हे जास्त वेळ राहिलंय, मॅडम." ते बघतच होते. स्ट्रायटमची पांढरी जागा त्यांनाही दिसत असणार. डोळे काही वाईट नव्हते, तिनेच तयार केले होते. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांना स्टूल दिसलं, स्टुलावरची पोरगी दिसली, तिच्या हातातला टोमॅटो दिसला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटका झाल्यासारखं हसू पसरलं.

"अच्छा! आज असिस्टंट नवीन आहे! तरीच म्हटलं. काय गं, मॅडमना गप्पांत गुंतवलंस ना? बिघडवलास ना आमचा प्रयोग?"

"मी नाही, मी तर फक्त..." भिंगरी म्हणाली आणि आत्याकडे बघायला लागली.

आत्या हसली. म्हणजे तोंडाने तसा आवाज केला, पाहुण्यांच्या विनोदाला करतो तसा, आणि हातमोजे काढायला लागली. ते एकात एक अडकले होते, निघेनात.

"काही हरकत नाही," लगबग्या म्हणाला, दाराकडे जाता जाता. "पांढरे काप आहेत अजून थोडे. उद्या परत करू. नेहमीसारखं करा म्हणजे झालं. शुक्रवार चुकायला नको." आणि दारात थांबून, तिच्याकडे न बघता, "नेहमीसारखंच, मॅडम."

"बरं," ती म्हणाली.

एकच शब्द. बरं. दिवसातून किती वेळा म्हणतो आपण. भाजी आणशील ना येताना, बरं. हिला सांभाळशील ना, बरं. त्या शब्दाला वजन नसतं, तो पोटातून येत नाही, ओठांवरच ठेवलेला असतो... पण यातला दोष लगबग्याच्या वाटणीचा किती नि माझ्या किती? त्याला कळलं असेल? त्याच्याही साऱ्या पांढऱ्या जाळ्या आधीच उचललेल्या आहेत. उचलायला मीच शिकवलंय. कळलं असेल तर तो हे दार बंद करून गेला. आणि कळलं नसेल तर सांगायचं कुणी?

दुपारी कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर भिंगरीने पोळीचे तुकडे केले आणि ते ताटात गोल मांडले. बोलेना. भिंगरी बोलत नाही म्हणजे ताप असणार, म्हणून आत्याने कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं.

"काय झालं?"

"काही नाही."

"सांग तरी."

"मी बोलले नसते तर ते पांढरं राहिलं असतं?"

खोटं बोलता आलं असतं. जवळच होतं ते, हाताला लागेल इतकं. "...राहिलं असतं."

"मग मी बोलायलाच नको होतं." तिने एक तुकडा ओळीतून काढून मधोमध ठेवला. "पुढच्या वेळी नाही बोलणार."

आत्याने हातातला पेला खाली ठेवला. "तुझं काही चुकलं नाही, बाळा."

"मग ते सर तसं का म्हणाले?"

"ते गमतीने म्हणाले."

"तू पण हसलीस."

आजूबाजूला ताटं वाजत होती, कुणीतरी कुणाला तरी मीठ मागत होतं. आत्याला वाटलं, आपण या आवाजांच्या खूप खाली कुठेतरी बसलो आहोत. तू पण हसलीस... इतकी वर्षं दाराशी आलेली पोरं, भिंग, मिठाचे खडे, आधी बघायचं, मग बोलायचं, जे दिसलं तेच बोलायचं. आणि आज एका सकाळी या पोरीला मी काय शिकवलं? — की दिसलं तरी गप्प राहावं, म्हणजे मोठी माणसं खूश राहतात. एकदा सांगितल्यावर विसरत नाही ही. सात नि आठचा पाढा विसरते, पण हे विसरायची नाही. टोमॅटो हातात घेऊन ताठ बसलेली, आणि आता हे असे खाली गेलेले खांदे... तिळासाठी. पण तीळ जाऊ द्यायचा म्हणजे काय काय जाऊ द्यायचं? नकाशातलं पान जाणार, परिषदांमधल्या भुवया हसणार, जुने निबंध मागे घ्यावे लागणार, ज्यांनी माझ्यावर विसंबून आपले तीळ शोधले ती मुलं... आणि वर्षअखेर निरोपाच्या खुर्चीत बसायचं ते कोण म्हणून? नको. उद्या बघू. उद्या नेहमीसारखं... नेहमीसारखं करण्यात कष्ट काहीच नव्हते, हीच तर मोठी पंचाईत. हात आपण होऊन जाईल. त्याला सांगावंही लागणार नाही.

दुपारनंतर तिने काम केलं नाही. ब्रश धुतले, सुकत ठेवले, पुन्हा धुतले. नेहमीपेक्षा लवकर पिशवी खांद्याला लावली, भिंगरीचा हात धरला आणि दोघी जिना उतरल्या. भिंगरी एकेक पायरी, उड्या न मारता. आवारात ऊन अजून होतं. फाटकाजवळ वॉचमनच्या खोलीला लागून एक सिमेंटचा बाक होता, तिथवर आल्यावर आत्याचे पाय आपणच थांबले.

"भिंगरे, ऐक. चूक माझी होती. मी त्या पांढऱ्या टोपल्या वेळेच्या आधी उचलत होते. म्हणून त्या पांढऱ्या दिसायच्या. तू मला उचलू दिलं नाहीस म्हणून खरं काय ते दिसलं."

भिंगरीने मान वाकडी केली. "आज?"

"आज नाही. नेहमीच."

"नेहमीच म्हणजे... आधीच्या सगळ्या?"

"सगळ्या."

"बाप रे," भिंगरी म्हणाली, अगदी मनापासून, एखाद्याने डबा शाळेत विसरल्यावर म्हणावं तसं. मग थोडा विचार करून, "सरांना माहितीय?"

"बहुतेक नाही. कदाचित असेल."

"म्हणजे सांगायला पाहिजे ना."

किती सोपं करून टाकलं... मोरी तुंबलीय, सांगायला पाहिजे ना. शेजाऱ्यांचं दार उघडं राहिलंय, सांगायला पाहिजे ना. आत्याने वर बघितलं. तीन मजले. लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यानंतर गुडघा बोलायला लागतो, आणि वर गेल्यावर ते दार, त्या दारामागे लगबग्या, घाईघाईने काहीतरी सही करत असलेला, आणि त्याच्यासमोर उभं राहून पहिला शब्द कुठला उच्चारायचा... सर म्हणून सुरुवात करायची की पूर्वीसारखं अरे म्हणून?

"उद्या सांगेन," ती म्हणाली. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला.

"उद्या कशाला? त्यांची गाडी इथेच आहे." भिंगरीने बोटाने दाखवलं. गाडी होती. सावलीत, व्यवस्थित, कुठेही न निघालेली.

आत्याला वाटलं, आता ही विचारेल, तू घाबरतेस का? आणि त्याला काय सांगायचं हे ती मनात जुळवायला लागली... मोठी माणसं घाबरत नाहीत, दमतात... नाही, हेही खरं नाही. दमणं हे घाबरण्याचंच घरगुती नाव असावं, आणि मी ते इतकी वर्षं घरात, बाहेर, सगळीकडे वापरत आले... पण तसं काही भिंगरीने विचारलं नाही. आत्या वर जाणार याविषयी तिच्या मनात शंकाच नव्हती. जाऊन येणार, थोडा वेळ लागणार, एवढंच. ती बाकावर चढून बसली, दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "दे," आणि आत्याच्या खांद्यावरची जड पिशवी ओढून तिने आपल्या मांडीवर घेतली. पट्टा होता तिथे खांद्याला वारा लागला. आत्या तशीच उभी होती, मोकळा खांदा जरासा वर उचललेला, तोंड अर्धं जिन्याकडे नि अर्धं फाटकाकडे.

"सावकाश ये," भिंगरी म्हणाली, आणि पिशवीवर हनुवटी टेकवून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांत लाल किती नि निळ्या किती ते मोजायला लागली.